रान, गायरान आणि आखाडा : परभणी जिल्ह्यात वणव्यापासून गावे राखण्याचा प्रश्न

वणव्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात मेळघाट, गडचिरोली, सातपुडा, सह्याद्रीचे घाट यांची नावे येतात. परभणीचे येत नाही, आणि त्याला कारणही आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याचे वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या साडेसोळा टक्क्यांच्या घरात दिसते. परभणी जिल्ह्यात ते जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. एवढ्याशा जंगलाच्या जिल्ह्यात वणव्याचे नियोजन कशाला, असे कोणीही विचारील. पण फेब्रुवारी ते मे या महिन्यांत परभणी, हिंगोली, नांदेडच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक बातमी पुन्हा पुन्हा येते. आखाड्याला, म्हणजे शेतातल्या गोठा-झोपडीला, आग लागली, कडब्याची गंजी खाक झाली, दावणीची जनावरे होरपळली, ठिबकच्या नळ्या आणि स्प्रिंकलरचे पाइप वितळले. यांतल्या कितीतरी आगी आखाड्यात पेटलेल्याच नसतात. त्या कुठल्या तरी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), गायरानात नाहीतर डोंगराच्या उतारावर सुरू होतात आणि वाऱ्याबरोबर येतात. जंगलातल्या आगीला खाते आहे, शहरातल्या आगीला बंब आहे. या दोहोंच्या मधली जी आग आहे, तिच्याकडे कोणी आणि कसे पाहावे, यावर आज काय मते आहेत आणि काय अजून ठरायचे आहे, हे इथे मांडायचे आहे.

जळण कुठे आहे, आणि कधी

जिल्ह्याचा बराचसा भाग गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काळ्या मातीचा, सपाट. उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरतात. येलदरी धरणाच्या भोवतालचा टापू, नेमगिरी-चंद्रगिरीचे डोंगर हा त्यातलाच. दक्षिणेला गंगाखेड आणि पालमच्या बाजूला बालाघाटचे पठार आहे. जे काही जंगल उरले आहे ते बहुतेक याच दोन टोकांना : पळस, धावडा, सालई, खैर, मधूनमधून सागवान, आणि खाली गुडघाभर गवत. पानझडीचे, कोरडे जंगल. त्याच्या पायथ्याशी गायरान, गायरानाला लागून कोरडवाहू शेते, शेतांत आखाडे आणि डोंगरपट्ट्यात तांडे. नकाशावर या सगळ्यांच्या सीमा वेगळ्या असल्या तरी वाळलेल्या गवताचा पट्टा त्यांच्यामधून सलग जातो.

पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो. दिवाळीनंतर गवत पिवळे पडते, संक्रांतीपर्यंत वाळते, शिमग्याच्या सुमारास पळसाची पाने गळून त्यावर पाचोळ्याचा थर बसतो. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 अंशांपलीकडे जातो आणि दुपारी वावटळी उठतात. इथपर्यंतचे चित्र कुठल्याही कोरड्या प्रदेशातले आहे. परभणीचे वेगळेपण शेतीच्या वेळापत्रकात आहे. तुरीची रास डिसेंबर-जानेवारीत होते आणि तुराट्या धुऱ्याला लागतात. कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून, सरपण म्हणून आखाड्याजवळ किंवा घरामागे रचली जाते. शाळू काढून फेब्रुवारी-मार्चमध्ये कडबा येतो, त्याची गंजी लागते. गव्हाचे काड त्याच सुमारास शेतात उभे असते. गोदाकाठच्या पट्ट्यात, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेडच्या बाजूला, ऊस तुटून गेलेल्या फडात पाचट पसरलेले असते. रानातले गवत ज्या महिन्यात सर्वांत कोरडे, त्याच महिन्यात गावाचा वर्षभराचा चारा आणि सरपण उघड्यावर येते.

म्हणून इथे जंगल किती टक्के आहे हा आकडा फसवा आहे. गावाला धोका किती, हे जळणाची सलगता ठरवते, आणि मार्चमध्ये ती जवळपास पूर्ण असते.

ठिणगी बहुतेक वेळा माणसाचीच असते. देशभरातल्या वणव्यांबाबत वनशास्त्रज्ञांचे यावर एकमत आहे. वीज पडून लागणाऱ्या आगी आपल्याकडे फार थोड्या. पेरणीआधी धुरा साफ करायला लावलेली आग, पावसाळ्यात कोवळे गवत चांगले फुटावे म्हणून गायरानाला लावलेली आग, मधाचे पोळे काढताना केलेला धूर, रानडुकरांना हुसकण्यासाठी किंवा शिकारीसाठी पेटवलेले झुडूप, टाकलेली बिडी. यात अलीकडच्या काळात लोंबकळणाऱ्या वीजतारांच्या घर्षणाने पडणाऱ्या ठिणग्यांची भर पडली आहे. उभ्या उसाच्या आगींत हे कारण सर्रास सांगितले जाते.

आगबंदीचा जुना वाद

वणव्यापासून संरक्षण हा सरकारी कार्यक्रम म्हणून सुरू झाला तो 1860 च्या दशकात. मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात कर्नल पिअर्सन यांनी जाळपट्टे काढून आणि रखवालदार नेमून आग रोखून दाखवली, आणि पुढे तीच पद्धत देशभर पसरली. उद्देश इमारती लाकूड राखण्याचा होता. आसपासची गावे या व्यवस्थेत संशयित म्हणून आली, राखायची वस्तू म्हणून आली नाहीत. 1927 च्या भारतीय वन कायद्यात ही दृष्टी स्पष्ट दिसते. राखीव वनात आग लावणे हा कलम 26 खाली गुन्हा. जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकार त्याच कलमात शासनाला दिला आहे. आणि ज्यांचे वनात हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे, हे बंधन कलम 79 मध्ये.

त्याच काळात खात्याच्या आतूनही शंका निघाल्या होत्या. ब्रह्मदेशातल्या सागवानी जंगलात आग पूर्ण बंद केली तेव्हा सागाची नवी रोपे येईनाशी झाली, असे तिथल्या वनाधिकाऱ्यांना आढळले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे आगबंदी बरीच सैल करण्यात आली. कुमाऊँत 1921 मध्ये लोकांनी वनखात्याच्या निर्बंधांविरुद्ध जंगले पेटवली, आणि त्या असंतोषाची परिणती पुढे 1931 च्या वनपंचायत नियमांत झाली. दोन्ही गोष्टी आजच्या चर्चेत परत येतात : आग नेहमीच वाईट असते का, आणि आगीची जबाबदारी लोकांवर टाकायची तर जंगलावरचा अधिकार कोणाचा?

परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. 1948 मध्ये संस्थान भारतात आले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, आणि जुन्या परभणीतला डोंगराळ, झाडीचा मोठा भाग तिकडे गेला. उरलेल्या जिल्ह्याची ओळख शेतीचा जिल्हा अशीच घट्ट झाली. जंगल, आणि म्हणून जंगलाची आग, हा विषय जिल्ह्याच्या नियोजनात कडेला पडण्यामागे हा इतिहासही आहे, असे मला वाटते.

वनखात्याची पद्धत

महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. त्याआधी जाळरेषा काढायच्या, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातले गवत कापून, वाळवून, देखरेखीखाली जाळून टाकायचे. हंगामात अग्निरक्षक म्हणून रोजंदारीवर माणसे नेमायची, गावांत जागृती करायची, आगीची खबर द्यायला 1926 हा दूरध्वनी क्रमांक. 2017-18 पासून केंद्राची वणवा प्रतिबंध आणि व्यवस्थापन योजना 60:40 या प्रमाणात राज्यांना निधी देते, आणि 2018 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडाही आला.

सर्वांत मोठा बदल उपग्रहांनी केला. भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहाने टिपलेल्या आगींची माहिती राज्यांना देते. आता मोबाइलवर बीटरक्षकापर्यंत संदेश जातो. जुन्या मोडिस संवेदकाला एक किलोमीटरचा ठिपका दिसे, 2017 पासून वापरात आलेल्या व्हिअर्सला 375 मीटरचा दिसतो. नोव्हेंबर 2020 ते जून 2021 या हंगामात व्हिअर्सने देशभर 3,45,989 आगी नोंदवल्या.

या यंत्रणेचे बळ मान्य करूनच तिच्या मर्यादा पाहायला हव्यात. पहिली, इशारे वनक्षेत्राच्या हद्दीत पडणाऱ्या ठिपक्यांसाठी असतात. धुऱ्यावरून निघून गायरानात चाललेली आग त्यात बसत नाही. दुसरी, व्हिअर्स दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमारास वरून जातो. गवताची आग तासा-दोन तासांत येते आणि संपते. दुपारी चारला पेटून सहाला विझलेली आग उपग्रहाच्या लेखी घडतच नाही, आणि परभणीतल्या आगी बहुतांशी याच जातीच्या. तिसरी मर्यादा माणसांची आहे. 8 एप्रिल 2021 रोजी नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन वनमजुरांचा मृत्यू झाला. त्यानंतर रोजंदारीवरच्या माणसांचे प्रशिक्षण, कपडे, बूट, विमा यांची चर्चा झाली. प्रशिक्षित म्हणवणाऱ्या ठिकाणी ही स्थिती, तर गायरानात लिंबाच्या डहाळ्या घेऊन धावणाऱ्या गावकऱ्यांचे काय, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा आला नाही. तो यायला हवा होता.

बंब आणि पंचनामा

गावातला माणूस आग दिसली की आधी तालुक्याच्या गावी फोन करतो, कारण बंब तिथे असतो. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय म्हणून नोंदवला आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. सामाजिक वनीकरण आहे, सरपण-चारा आहे, अग्निशमन नाही. जिंतूर, गंगाखेड, सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, सोनपेठ इथल्या पालिकांचे बंब माणुसकीने आणि प्रशासनाच्या सांगण्यावरून खेड्यात धावतात, धावतातही तत्परतेने. पण तीस किलोमीटर अंतर, पाणंद रस्ता आणि शेवटी आखाड्यापर्यंत न जाणारी वाट यांत गंजी राहत नाही. महानगरपालिका असलेल्या परभणी शहराच्या बंबालाही हेच लागू.

दुसरी यंत्रणा महसूल खात्याची. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते आणि जिल्ह्याचा आराखडा असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळण्याजोग्या आपत्तींच्या केंद्रीय यादीत 'आग' स्पष्टपणे आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. 2022 ते 2026 या कालावधीच्या निकषांत मृत्यूसाठी 4 लाख रुपये, दुभत्या गाई-म्हशीसाठी 37,500, बैलासाठी 32,000, शेळी-मेंढीसाठी 4,000 अशा रकमा ठरल्या आहेत. तलाठी पंचनामा करतो, पोलीस ठाण्यात आकस्मिक जळिताची नोंद होते, विजेचे कारण असेल तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो. ही व्यवस्था नुकसानीनंतरची आहे आणि तिच्या बाजूने बोलणारे सांगतात की मर्यादित पैशांत गरिबाला लगेच मदत मिळणे हेच पहिले काम; जोखीम कमी करण्याची भाषा करताना हे विसरू नये. त्यांचे म्हणणे खरे आहे. तरीही वर्षाचा चारा गेलेला शेतकरी बाजारात बैल विकतो, तेव्हा ते नुकसान या रकान्यांत कुठे मावत नाही.

पीक विम्याचेही असेच. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या 2018 च्या सुधारित सूचनांत स्थानिक आपत्तीमध्ये आगीचा समावेश झाला, पण वीज पडून लागलेल्या नैसर्गिक आगीपुरता. तारांच्या ठिणगीने किंवा शेजारच्या धुऱ्यावरून आलेल्या आगीला तिथे जागा नाही.

शेतीचे शास्त्र काय म्हणते

परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, आताचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी आहे आणि काडीकचरा जाळू नका, मातीत जिरवा, हे कृषिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. उसाचे पाचट सरीत दाबून खोडवा घेणे, पऱ्हाटीची कुट्टी करून कंपोस्ट करणे, ही शिफारस त्यातलीच.

इथे एक गुंतागुंत आहे, आणि आगीच्या चर्चेत ती सहसा सुटून जाते. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने कपाशी उद्ध्वस्त केली. तेव्हापासून फरदड (कपाशीचे लांबवलेले पीक) घेऊ नका, डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत पऱ्हाटी उपटून नष्ट करा, धुऱ्यावर आणि घराजवळ साठवू नका, हा सल्ला जोराने दिला जातो, कारण अळीचे कोष वाळलेल्या बोंडांत राहतात. शेतकऱ्यापुढे मग तीन वाटा उरतात. कुट्टी करायची तर ट्रॅक्टर आणि यंत्राचे भाडे. साठवायची तर अळी आणि आग दोन्हींना आमंत्रण. जाळायची तर एक आगपेटी. एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने तिसरी वाट धरली तर त्याला अडाणी ठरवून काही साधत नाही. त्याच्या हिशेबात ती सर्वांत स्वस्त आहे.

पाचटाबाबतही खर्चाचाच प्रश्न आहे. शिवाय उसाच्या फडात आग मुद्दाम लावली जाण्याचीही उदाहरणे असतात : तोड सोपी व्हावी म्हणून, किंवा तोड मिळत नाही म्हणून. मराठवाड्यात 2021-22 च्या हंगामात ऊस इतका झाला की गाळप जूनपर्यंत चालले, आणि जळीत उसाचा प्रश्न ऐरणीवर आला. जळीत उसाच्या दरात कपात होते, तरीही शेतकरी तो धोका पत्करतो, यातून तोडणीची निकड कळते.

आग पूर्ण बंद करायची का?

गवताळ प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेल्या पंधरा वर्षांत एक वेगळी बाजू मांडली आहे. दख्खनच्या माळरानांना 'पडीक' किंवा 'ऱ्हास झालेले जंगल' म्हणणे चूक आहे. ती स्वतंत्र, प्राचीन परिसंस्था आहे, तिथे गवत, चराई आणि अधूनमधून येणारी आग यांचे नाते जुने आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मधुसूदन आणि वनक यांनी अर्धशुष्क भारतातल्या अशा खुल्या परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात देशाचा सुमारे दहावा भाग या प्रकारात येतो. परभणीतली काळवीट, लांडगे, खोकड ही याच माळांवर जगतात. या मताचे लोक आग सदासर्वदा रोखण्याच्या विरोधात आहेत. वर्षानुवर्षे रोखली तर गवत साचते, झुडूप माजते, आणि मग लागणारी आग अधिक दाहक असते. हंगामाच्या सुरुवातीला, गवत अर्धवट ओले असताना, तुकड्या-तुकड्यांनी जाळणे त्यांना अधिक शहाणपणाचे वाटते.

याला उत्तर देणारेही बरेच आहेत. वनाधिकारी सांगतात की इथले जंगल आधीच विरळ आहे. दर वर्षी आग फिरली तर रोपे तगत नाहीत. पाणलोटाचे काम करणारे उघड्या पडलेल्या उतारावरून जूनच्या पहिल्या पावसात वाहून जाणारी माती दाखवतात. पक्षिमित्र जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचे महिने दाखवतात. आणि जाणते गुराखी तर सांगतातच की वारंवार जाळलेल्या माळावर मारवेल, पवन्या मागे पडतात आणि कुसळी माजते. कुसळीला आग मानवते, हे गवतशास्त्रही मान्य करते.

या दोन बाजूंत वाटते तेवढे अंतर नाही. एप्रिलच्या भर दुपारी, वाऱ्यावर, एकट्याने लावलेली आग कोणालाच नको आहे. वाद आहे तो डिसेंबर-जानेवारीतल्या ठरवून केलेल्या जाळण्यावर : ते कोणी, किती वर्षांआड, कुठे करावे. परभणीच्या माळांवर याची दीर्घकालीन पाहणी झाल्याशिवाय हा वाद मिटणार नाही, आणि विद्यापीठ हाताशी असताना ती इथेच व्हावी.

गावाने योजना करायची म्हणजे काय

गाव हा घटक धरून वणव्याची योजना करण्याचा विचार अमेरिकेत 2003 च्या एका वनकायद्याने रुजवला. स्थानिक शासन, स्थानिक अग्निशमन दल आणि राज्याचे वनखाते यांनी मिळून आराखडा करायचा. कुठले जळण आधी काढायचे याचा क्रम लावायचा. आणि घरे कशाने पेट घेतात ते पाहून ती कमी पेटणारी करायची. जॅक कोहेन या संशोधकाने दाखवून दिले की घर वाचते की जळते हे घर आणि त्याभोवतीची तीसेक मीटरची जागा ठरवते; दूरच्या जंगलाचा वाटा त्यापुढे कमी. ऑस्ट्रेलियात 'तयारी करा, मग थांबून लढा किंवा लवकर निघा' हे धोरण होते. 7 फेब्रुवारी 2009 च्या आगीत 173 माणसे गेली आणि लवकर निघण्यावर भर वाढला. पोर्तुगालमध्ये जून 2017 च्या पेद्रोगाव ग्रांदेच्या आगीत 66 जणांचा बळी गेल्यावर 'सुरक्षित गाव, सुरक्षित माणसे' हा कार्यक्रम आला : प्रत्येक वस्तीत एक जबाबदार व्यक्ती, एक आसऱ्याची जागा, एक बाहेर पडण्याची वाट.

यांतले पोर्तुगालचे उदाहरण मला परभणीच्या जास्त जवळचे वाटते, कारण तिथल्या आगीमागे रिकामी होत चाललेली खेडी आहेत. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरच्या तांड्यांतून आणि वाड्यांतून दसरा-दिवाळीनंतर जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. गवत वाळून पेटायला लागते तेव्हा गावात म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि जनावरे असतात. आग विझवणारे हात तेवढे महिने दुसऱ्याच्या फडात असतात, आणि तिथे स्वतः कोप्यांत, म्हणजे पाचटाच्याच झोपड्यांत राहतात. गावाच्या सहभागावर बेतलेल्या कोणत्याही योजनेने हे आधी लक्षात घ्यायला हवे.

देशातला सर्वांत उद्बोधक अनुभव उत्तराखंडातल्या अल्मोडा जिल्ह्याचा. शीतलाखेतच्या परिसरातल्या गावांनी पाहिले की जंगलातल्या आगी बहुधा शेताच्या कडेचा काडीकचरा जाळण्यातून सुटतात. तिथे त्याला 'ओण' म्हणतात. त्यांनी ठरवले की ओण जाळायचे ते 31 मार्चपूर्वी संपवायचे, आणि 1 एप्रिल हा 'ओण दिवस' पाळायला सुरुवात केली. जाळणे बंद केले नाही, त्याची वेळ बांधून घेतली. आपल्या धुरे जाळण्याला हे जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते. फक्त परभणीची तारीख संक्रांतीच्या आसपास आणावी लागेल.

महाराष्ट्रात यासाठी लागणारे ढाचे नाहीत असे नाही. 1992 च्या शासननिर्णयाने संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आल्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण करण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये असा हक्क मिळाला आणि आपले जंगल म्हटल्यावर गाव आगीकडे कसे पाहते, याचा दाखला म्हणून त्याचे नाव घेतले जाते. परभणीत मात्र वनक्षेत्र तुटक आहे आणि अशा समित्यांचा पाया मुळातच अरुंद. इथे कदाचित नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाखाली झालेल्या गावसमित्या आणि सूक्ष्म आराखडे अधिक उपयोगी पडतील. त्यांनी शेत, पाणी आणि गट क्रमांक धरून नियोजन करण्याची सवय लावली आहे.

अशा योजनेत काय असावे, यावर निरनिराळ्या बाजूंच्या लोकांत बरेच साम्य आढळते. गंजी आखाड्यापासून आणि गोठ्यापासून दूर, एकाच मोठ्या ऐवजी दोन-तीन ठिकाणी रचणे. आखाड्याभोवती आणि गंजीभोवती नांगराचे दोन-चार तास मारून मोकळी माती ठेवणे. हा जुना उपाय आहे आणि कोहेनच्या सिद्धांताशी तंतोतंत जुळतो. गायरान आणि शिवाराच्या मधल्या हद्दीवर गवत पेटण्याआधी कापून चारा म्हणून वाटून घेणे. धुरे जाळायचे दिवस ग्रामसभेने ठरवणे, वाऱ्याच्या दिवशी मनाई, आणि शेजारच्या गटधारकाला आधी सांगणे. पोलीस पाटलाकडे फवारणीचे पंप, फावडी, कापडी जाडे बूट यांची यादी. पाण्याबाबत मात्र अडचण आहे : विहिरी मार्चनंतर तळाला, आणि शेतीची वीज ठरावीक तासांची, पाळीने. दुपारी आग लागते तेव्हा मोटार चालेलच असे नाही. म्हणून शेततळे किंवा ट्रॅक्टरच्या टाकीत राखून ठेवलेले पाणी आराखड्यात नेमके लिहावे लागते.

घरांबद्दल एक नोंद इथेच करायला हवी. मराठवाड्याचे जुने माळवद, म्हणजे लाकडी सरांवर मातीचा जाड थर, उडत्या ठिणगीला दाद देत नसे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जड माती-दगडाच्या घरांची भीती बसली, ती रास्तच होती, आणि स्लॅब व पत्रे आले. गावठाणातली घरे आगीच्या दृष्टीने आजही बरीच सुरक्षित आहेत. धोक्यात आहेत ते आखाडे आणि वस्त्या : तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा कूड, वर पत्रा, आत बी-बियाणे, खत, मोटारीची केबल आणि बांधलेली जनावरे.

जे ठरायचे आहे

पहिला न सुटलेला प्रश्न नोंदींचा. तलाठ्याचा पंचनामा, पोलिसांची जळीत नोंद, पालिकेच्या बंबाची नोंदवही आणि वनखात्याचा आगीचा अहवाल ही चार कागदे चार ठिकाणी राहतात. आगी कुठल्या शिवारात वारंवार येतात, कुठल्या महिन्यात, कुठल्या कारणाने, हे त्यांतून एकत्र वाचता येत नाही तोवर प्राधान्यक्रम लावणे अंदाजावर चालते. हे काम खर्चाचे नाही. जिल्हा आपत्ती कक्षाच्या आवाक्यातले आहे.

दुसरा दंडाचा. आग लावणाऱ्यावर गुन्हा दाखल करण्याचा आग्रह काही जण धरतात, आणि सतत नुकसान सोसणाऱ्या शेजाऱ्याच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. पण गुन्ह्याची भीती असली की आग लागल्याबरोबर कोणी खबर देत नाही, लावणारा आधी पळतो, हा अनुभव वनखात्यातलेच लोक सांगतात. ग्रामसभेचा दंड आणि कायद्याचे कलम यांची सीमा कुठे आखायची, हे प्रत्येक गावात वेगळे ठरेल असे दिसते.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत अवघड, गायरानाचा. गायरान महसुली जमीन, देखरेख ग्रामपंचायतीची, आणि प्रत्यक्षात तिथे मराठवाड्यातल्या कितीतरी भूमिहीन, बहुतेक दलित आणि भटक्या कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांची वहिती आणि वस्ती आहे. 14 एप्रिल 1990 पर्यंतची काही अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय 1991 मध्ये झाला. उरलेली कुटुंबे कागदाविना आहेत, आणि 2022 पासून अतिक्रमणे काढण्याच्या आदेशांनी ती धास्तावली आहेत. वाळल्या गवताच्या सर्वांत जवळ हीच घरे असतात. आपत्ती निधीच्या निकषांनुसार घराच्या नुकसानीची मदत मिळायला बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागतो, तो यांच्याकडे नसतो. गावाने वणव्याचा नकाशा काढला आणि त्यात ही घरे दाखवली, तर त्याच नकाशाने उद्या ती हटवली जातील अशी भीती त्या कुटुंबांना वाटते. न दाखवली, तर जाळपट्टा त्यांच्या पाठीमागून आखला जाईल. जिल्ह्यात अशी योजना करायला बसणाऱ्या पहिल्या ग्रामसभेला, आराखड्यातली वस्त्यांची नोंद अतिक्रमणाच्या कारवाईत वापरली जाणार नाही, असे लेखी आश्वासन तहसीलदारांकडून मागावे लागेल.